बंद घर म्हणजे बेवारस घर नव्हे

गेल्या चैत्रात भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, हे आपलं घर आहे का बघ."

व्हिडिओचं नाव 'कोकणातलं शापित घर' असं काहीतरी होतं. मागे भीतीदायक संगीत, हातात टॉर्च, आणि एक मुलगा कुजबुजत्या आवाजात बोलतोय. ओटीवरचा मोडका झोपाळा दिसला. मग माजघर. मग देवघराचा कोनाडा, ज्यात आम्ही पोरं लपून बसायचो. आपलंच घर होतं. मालवण तालुक्यातलं, चिऱ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं. काकी २०१७ साली गेली तेव्हापासून बंद.

तो मुलगा काकीच्या खोलीत गेला. खाटेखालची पत्र्याची ट्रंक त्याने ओढून काढली. आत दोन लुगडी, एक डबी, सुतळीने बांधलेला मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा आणि काही आंतरदेशीय पत्रं. त्यातलं एक पत्र उघडून त्याने कॅमेऱ्यासमोर वाचलं. मी तो व्हिडिओ पाहिला तोवर चाळीस हजार लोकांनी ते पत्र ऐकलेलं होतं.

पत्र माझ्या काकांचं होतं. गिरणीतल्या. १९८२ च्या पावसाळ्यातलं. सगळं इथे लिहिणार नाही, पण मतलब असा की, संपाला सहा महिने झाले, मी आजारी आहे, खोलीचं भाडं थकलंय, तर आईच्या पाटल्या गहाण ठेव आणि जमतील तेवढे पैसे पाठव. आणि दादाला कळू देऊ नकोस, त्याचीही गिरणी बंदच आहे, तो उगाच कर्ज काढील.

दादा म्हणजे माझे वडील.

आमच्या घरात त्या पाटल्यांवरून सत्तावीस वर्षं अबोला होता. बाबांची ठाम समजूत होती की धाकट्याने आईचे दागिने विकून खाल्ले. काका गेले तेव्हा बाबा खांदा द्यायला गेले, पण काकीच्या हातचा चहा घेतला नाही. घराची डागडुजी कोणी करायची यावर एकमत झालं नाही, ते त्याच रागातून. २००९ साली बाबा गेले. कर्ज काढील म्हणून त्यांच्यापासून लपवलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला कळलं ते मोबाईलवर, भुताच्या संगीतासकट.

आता या गोष्टीवर काय बोलायचं? पहिले दोन दिवस मी फक्त संतापलो होतो. पोलिसात जायचं, त्या पोराला धडा शिकवायचा, वगैरे. नंतर गावी फोनाफोनी केली तर कळलं, मुलगा शेजारच्याच वाडीतला. कॉलेजला आहे. त्याच्या आजोबांनी आमच्या घराची कौलं परतलेली आहेत. मी त्याला फोन केला. तो घाबरला होता, पण एक वाक्य बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"काका, दार उघडाच होता. माका वाटला घर कोणाचाच नाय. तुम्ही येवकच नाय, तर आमका कसा कळतला?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. कारण मागच्या दाराची कडी कुजून पडलीय हे मला माहीतच नव्हतं. सहा वर्षं मी त्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. गणपतीला जातो ते मामाच्या घरी, आणि येताना गाडीतूनच आपल्या घराकडे बघून हात जोडतो. एवढाच काय तो संबंध.

म्हणून ही पोस्ट. नुसती रीलवाल्यांना शिव्या घालणारी नाही आणि 'आमचं कोकण कुठे गेलं' म्हणत रडणारीही नाही. मला दोन्ही बाजूंना बोलायचंय, आणि त्यातली एक बाजू माझी स्वतःची आहे.

आधी आकडे बघू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. याचा सरळ अर्थ, पुरुष बाहेर. आमच्या काकीसारख्या बायका घर सांभाळत बसल्या. त्या होत्या तोवर दिवा लागत होता. त्या गेल्या आणि कुलपं लागली.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता चाकरमानी परत येतील. काही आले. बरेच जण मुंबईतच दुसरं काही करत राहिले, मग डोंबिवली, विरार, नालासोपारा असे पसरले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तेव्हाही वाटलं की आता गावं भरतील. रेल्वेने येणं सोपं झालं, तसं जाणंही सोपं झालं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कित्येक कुलपं उघडली, चुली पेटल्या. वर्षा-दीड वर्षात पुन्हा लागली.

यातलं कुठलंही घर 'सोडून दिलेलं' नाही, हे बाहेरच्या माणसाला समजत नाही. आपल्याकडे कोणी घर सोडत नाही. 'बघू', 'पुढच्या मे महिन्यात', 'भावाला विचारून सांगतो' असं म्हणत ते फक्त पुढे ढकललं जातं. सातबारावर अकरा नावं, त्यातली चार मयत, दोन दुबईला, एक बोलत नाही. घर सगळ्यांचं म्हणून कौल बदलायचे दोन हजार कोणी द्यायचे नाहीत. आणि घर सगळ्यांचं म्हणूनच कोणी विकायचंही नाही.

आता रील करणाऱ्यांबद्दल.

बंद घरात जाऊन शूट करणं हा सध्या एक धंदा झालाय. मला त्यातली ओढ कळते. मीही असे व्हिडिओ बघतो, खोटं कशाला बोलू? अर्धवट उघडी कपाटं, भिंतीवर थांबलेलं कॅलेंडर, चुलीशेजारी तशीच ठेवलेली फुंकणी. माणसं कशी राहत होती हे बघायची भूक प्रत्येकाला असते. पण दोन गोष्टी समजून घ्या.

एक, कायदा. भारतीय न्याय संहितेत ३२९ कलम अतिक्रमणाचं आहे. त्यात हेतू बघितला जातो, त्यामुळे नुसता आत शिरलेला पोरगा कदाचित सुटेलही. पण आतला साधा तांब्या उचललात तर ती चोरी. ३०५ कलमात राहत्या घरातल्या किंवा वस्तू साठवायच्या इमारतीतल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. 'बंदच होतं' हा बचाव नाही. कुलूप नसणं म्हणजे परवानगी नाही.

दोन, कायद्यापलीकडची गोष्ट. घराचा पत्ता दाखवलात की तुमच्या मागून दुसरे येतात, आणि त्यांना व्हिडिओत रस नसतो. भंगारवाला येतो. हंडे, घंगाळं, समया, पराती, सगळं किलोवर जातं. मग लाकडाचे व्यापारी. सागाचे, फणसाचे खांब, कोरीव चौकटी, दारं निघतात आणि कुठल्या तरी रिसॉर्टच्या रिसेप्शनला 'पारंपरिक कोकणी टच' म्हणून लागतात. आमच्या वाडीतल्या एका घराचा पुढचा दरवाजाच गेला. चौकटीसकट. मालकाला कळलं गणपतीत, गाडीतून उतरल्यावर.

हे जुनं सामान विकत घेणाऱ्यांनाही सांगायला हवं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, मूर्ती वगैरेंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. देवघरातली पंचधातूची मूर्ती 'अँटिक आहे हो' म्हणून कोणी दाखवत असेल, तर ती कोणाच्या देवघरातली, हा प्रश्न तिथेच विचारा.

आता आपली बाजू. ही जास्त टोचते.

आपण बंद घरातल्या वस्तूंची किंमत ठरवतो ती पितळेच्या भावाने. पण सगळ्यात मोलाचं असतं ते माळ्यावर, आणि ते वाळवी खाते. कागद. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते कशासाठी? लोकांच्या वाड्यांत, माळ्यांवर पडलेल्या मोडी दफ्तरांसाठी. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढे बावीस झाले. आज आपण जो मराठ्यांचा इतिहास म्हणतो, त्याचा केवढा तरी भाग कोणाच्या तरी घरातल्या अडगळीतून आलाय. पुण्याचं केळकर संग्रहालय बघा. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी. राजेरजवाड्यांचंच नव्हे, साध्या घरातलं सामान एका माणसाने आयुष्यभर गोळा केलं, म्हणून ते आज काचेमागे उभं राहून बघता येतं.

आणि हे काही फक्त इतिहासाच्या हौशीचं नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. लोकांनी पणजोबांच्या पेट्या उघडल्या. ज्यांनी जुने कागद बंबात घातले होते, ते तेव्हा डोक्याला हात लावून बसले. त्या मागणीबद्दल तुमचं मत काहीही असो. पण घरातला एक कागद तुमच्या नातवाच्या कामाला येऊ शकतो, एवढं तरी त्यातून घ्या.

शेजारच्या गोव्याचं उदाहरण तर अंगावर येणारं आहे. मालक परदेशात, किंवा मालक हयात नाही, वारस फिरकत नाहीत, अशा मालमत्ता हेरून बनावट कागद करून हडपल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. बंद घर हे चोराला फक्त पितळ देत नाही. इथे बघणारं कोणी नाही, ही माहिती देतं. ती माहिती सगळ्यात महाग.

जपानमध्ये तर हा प्रश्न आपल्याहून कितीतरी मोठा आहे. २०२३ च्या त्यांच्या सर्वेक्षणात सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे एकूण घरांच्या जवळपास १४ टक्के. शेवटी त्यांनी कायदा केला. १ एप्रिल २०२४ पासून वारसाने मिळालेल्या स्थावराची नोंद तीन वर्षांत करणं बंधनकारक, नाही केली तर दंड. श्रीमंत देशालाही शेवटी तिथेच यावं लागलं की, आधी सांगा हे कोणाचं आहे.

कोकणातलं घर मरतं कसं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी. माकडाच्या उडीने एक कौल सरकतं. पहिल्या पावसाळ्यात तिथून धार लागते. रीप भिजते, कुजते. दुसऱ्या पावसाळ्यात वासा खचतो आणि आणखी दहा कौलं खाली येतात. आतली मातीची भिंत ओल धरते, फुगते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती बसते आणि आढं वाकतं. एक कौल वेळेवर बसवलं असतं तर पन्नास रुपयांचं काम होतं. म्हणून म्हणतो, नुसतं कुलूप लावून घर वाचत नाही. वर्षातून एकदा कोणीतरी वर चढायला हवं.

आम्ही यंदाच्या मे महिन्यात गेलो. मी, माझा भाऊ आणि चुलत बहीण, म्हणजे काकीची मुलगी. आम्ही तिघं एकत्र त्या घरात शिरलो ते जवळजवळ चाळीस वर्षांनी. सुरुवातीला कोणीच कोणाशी धड बोलत नव्हतं. मग झाडायला लागलो. दोन दिवस लागले. प्रत्येक वस्तू बाहेर खळ्यात काढली, मोबाईलने फोटो काढला, वहीत लिहिली. पाटा-वरवंटा, जातं, तीन हंडे, रोवळी, सूप, आजोबांचा अडकित्ता, बाबांची चौथीची पाटी. समईवरून थोडं वाजलं, लपवत नाही. शेवटी ठरलं, मोठी समई घरातच राहील, गणपतीला लागेल. ट्रंक बहिणीने नेली. तिने आईची कुपनं मोजली नाहीत, फक्त शेवटचं बघितलं. जानेवारी १९८२. त्यानंतर गठ्ठा संपतो. आणि ते पत्र ती मला वाचायला देत होती, मी म्हटलं, राहू दे, ऐकलंय.

तो मुलगाही आला होता. मीच बोलावलं. व्हिडिओ त्याने पहिल्या फोननंतरच काढून टाकला होता. बहिणीला बघून त्याची मान वर होईना. तिने त्याला झापलं, चांगलं झापलं, आणि मग म्हणाली, "तू नसतं उघडलंस तर आम्ही उघडलं असतं की नाही, देव जाणे." हे वाक्य मला तेव्हा आवडलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटत नाही. चुकीच्या रीतीने झालेल्या गोष्टीतून बरं निघालं म्हणून ती रीत बरोबर होत नाही. दुसऱ्याची पत्रं वाचायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण ती पत्रं वाचायचा ज्यांचा हक्क होता, ते आम्ही सहा वर्षं फिरकलो नाही, हेही तितकंच खरं. आता मागच्या दाराची नवी किल्ली त्याच्या आजोबांकडे आहे.

तर मंडळी, ज्यांचं ज्यांचं गावी घर बंद आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे.

या वर्षी एकदा जा. गणपतीच्या धावपळीत नको, वेगळे दोन दिवस काढून जा. आणि एकटे जाऊ नका. ज्याच्याशी पटत नाही त्या भावालाही बोलवा. एकट्याने उघडलंत तर उद्या 'त्याने काय काय नेलं' ही चर्चा ठरलेली.

सगळ्या वस्तूंचे फोटो काढा, यादी करा आणि ती घरच्या ग्रुपवर टाका. चोरी झाली तर तक्रारीला तेवढाच आधार, नाहीतर काय गेलं हेच सांगता येत नाही.

मोडी कागद दिसले तर जाळू नका, लॅमिनेशनही करू नका. कोरड्या जागी कापडात गुंडाळून ठेवा आणि मोडी येणाऱ्याला दाखवा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीची प्रशिक्षणं होतात, त्यामुळे वाचणारे सापडतात.

ग्रामपंचायतीत नमुना ८ वर घर कोणाच्या नावे आहे ते बघा. अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंदीला लागा. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे, होते आहे. त्यात तुमच्या घराची नोंद कशी झाली ते तपासा. बहिणींची नावं गाळू नका. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांचा मुलांइतकाच हक्क आहे, आणि तसंही घर जपायची कळकळ बहुतेकदा त्यांनाच असते.

किल्ली आणि फोन नंबर शेजारी द्या. कौलं शाकारायचे पैसे आधी पाठवा, नंतर हिशोब मागा.

ग्रामपंचायतींनाही एक विनंती. बंद घरांची नोंदवही ठेवा. घर क्रमांक, वारसाचा फोन, किल्ली कोणाकडे. याला निधी लागत नाही, एक वही लागते. कुठल्या घराचं दार उघडं दिसलं तर वाडीतल्या माणसाने फोन कोणाला करायचा, एवढं तरी ठरेल.

आणि शूट करणाऱ्या पोरांनो, तुमच्यावर माझा राग उरलेला नाही. तुमच्या गावातली ही घरं तुमच्याइतकं जवळून कोणी बघत नाही. तेव्हा आधी मालकाला फोन करा. गावात विचारलंत तर नंबर मिळतो. दहातले सात जण हो म्हणतील, उलट म्हणतील, 'कौलांचाही व्हिडिओ पाठव रे बाबा.' भूत बित लावू नका. तिथे भूत नाही, कोणाची तरी काकी राहत होती. पेटी, ट्रंक, कपाट उघडू नका. पत्र तर अजिबात नाही. आणि नाही म्हणाला मालक, तर विषय संपला.

तुमच्या वाडीत किती घरं बंद आहेत, आणि त्यातल्या किती घरांचे वारस तुम्हाला माहीत आहेत, हे खाली जरूर लिहा. नावं, पत्ते टाकू नका, नुसता आकडा पुरे. आमच्या वाडीत एकवीस घरं, नऊ बंद. त्यातल्या चार घरांचं कोण, कुठे, कोणालाच नक्की सांगता येत नाही.

आमचं घर आता त्या नऊमध्येच आहे. पण पावसाआधी कौलं परतून झाली आहेत.